टाचेचं मशीन, डेक्सा आणि कॅल्शियमची डबी : एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या पुरुषांनी कोल्हापुरात पैसे कुठं घालावेत

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं नंतर. हाडं तपासायला औषध दुकानाच्या दारात किंवा मंडळाच्या शिबिरात टाच घालून घेतात त्या मशीनला पाचपैकी एक. एक्स-रेनं हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनला चार, पण तयारीनं गेलात तर. कॅल्शियमच्या गोळीला अडीच. आणि ज्याला कुणी तपासणी म्हणतच नाही, त्या मनातली काळजी मोजणाऱ्या सात प्रश्नांच्या कागदाला पूर्ण पाच. हे गुण सरसकट सगळ्यांसाठी नाहीत. एआरटी, म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं, नियमित घेणाऱ्या, चाळिशी-पन्नाशीला आलेल्या पुरुषांचा विचार करून दिलेत.

भारतात मोफत एआरटी २००४ साली सुरू झाली. तेव्हा तिशीत असलेले आज पन्नाशी ओलांडून गेलेत. व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) दाबलेला आहे, काम-धंदा चालू आहे, आणि आता प्रश्न उरलेत ते हाडांचे, किडनीचे, झोपेचे. एआरटी सुरू झाल्यावर पहिल्या दोनेक वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्के उतरते आणि बहुतेकांची पुढं स्थिरावते. त्यात टेनोफोविरचा वाटा मोठा. सध्याच्या टीएलडी गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं. टेनोफोविरमुळं काहींच्या किडनीतून फॉस्फेट लघवीवाटे निसटतं, आणि फॉस्फेट नसेल तर हाडात कॅल्शियम बसत नाही. भर म्हणून व्हायरसमुळं अंगात राहिलेली सूज, कमी वजन, तंबाखू, दारू, घटलेलं टेस्टोस्टेरॉन, दम्यासाठी किंवा अंगदुखीसाठी घेतलेली स्टिरॉइड. एवढं वाचून कुणी गोळी बंद करायला निघाला असेल तर थांबा. ज्यांना सोबत हिपॅटायटिस बी आहे त्यांनी टेनोफोविर अचानक सोडलं तर लिव्हर भडकू शकतं. औषध बदलायचंच असेल तर टेनोफोविर अलाफेनामाइड किंवा अबाकाविर असे पर्याय आहेत. ते एआरटी सेंटरचे डॉक्टर ठरवतील.

आता टाचेचं मशीन. जेल लावून टाच दोन चकत्यांत धरतात, आवाजाच्या लहरी हाडातून किती वेगानं जातात आणि किती विरतात ते मोजतात. मिनिटाभरात हिरवा-पिवळा-लाल पट्टा छापलेली चिठ्ठी हातात. त्या चिठ्ठीवर ‘टी-स्कोअर’ (तुमच्या हाडाची तरुणांच्या हाडाशी तुलना करणारा आकडा) असा शब्द असतो आणि सगळा घोळ तिथंच आहे. उणे २.५ च्या खाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ, हा नियम डेक्सानं मोजलेल्या खुब्याचा, कमरेच्या मणक्याचा किंवा मनगटाजवळच्या हाडाचा आहे. टाचेच्या अल्ट्रासाउंडचा टी-स्कोअर त्या मापात बसत नाही. त्यावरून निदान करता येत नाही, औषधाचा गुण आला का तेही कळत नाही. टाच गार असली, पायाला सूज असली, जेल कमी पडलं, पाय जरा तिरका बसला की आकडा हलतो. पासष्टीपुढच्या माणसाचा धोका अंदाजानं चाळायला ते चालतं, म्हणून शून्याऐवजी एक दिला. पण शिबिर बहुतेकदा कॅल्शियमची गोळी विकणाऱ्यांच्या सौजन्यानं असतं. मशीन फुकट, चिठ्ठी पिवळी, शेजारी डबी. बेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस ती चिठ्ठी घेऊन घरी जातो आणि महिनाभर जिना उतरताना कठडा धरतो. एचआयव्हीसोबत जगणाऱ्याच्या मनात ‘आता आणखी काय निघणार’ ही धास्ती तशीही बसलेली असते. ही चिठ्ठी तिला खतपाणी घालते.

डेक्सा कुणी करावी? एचआयव्ही असलेल्या पुरुषानं पन्नाशीनंतर एकदा करून घ्यावी, हा सर्वसाधारण सल्ला. चाळीस ते पन्नासमध्ये आधी फ्रॅक्सवर हाड मोडण्याचा धोका मोजावा. साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल, तीन महिन्यांहून जास्त स्टिरॉइड झालं असेल, किंवा पडण्याचा मोठा धोका असेल तर वयाची वाट बघू नये. पस्तिशीतल्या, असलं काहीही नसलेल्या माणसानं मनाच्या समाधानासाठी केली तर समाधान मिळण्यापेक्षा आकड्याशी झटापटच जास्त होते.

फ्रॅक्स हे मोफत गणित आहे, भारतासाठी वेगळं मॉडेल आहे, वय ४० ते ९०. त्यात एचआयव्हीचा रकाना नाही; ‘सेकंडरी ऑस्टिओपोरोसिस’वर (दुसऱ्या कारणानं हाडं ठिसूळ होणं) हो म्हणायचं. मात्र डेक्साचा आकडा भरला की त्या रकान्याचा हिशोबावर परिणाम होत नाही, म्हणजे एचआयव्हीचा धोका गणितातून गळतो. तंबाखूचं आणखी गमतीशीर. फ्रॅक्स फक्त ओढण्याबद्दल विचारतं. आपल्याकडं तळहातावर मळून दाढेत धरणारे पुष्कळ, त्यांची नोंदच होत नाही. येणारा आकडा जरा कमीच दाखवतोय असं धरून चाला.

एआरटी सेंटरच्या नेहमीच्या मोफत तपासण्यांत डेक्सा येत नाही. दसरा चौकाजवळच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात एआरटीसाठी जाणाऱ्यांनी तिथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घ्यावी आणि मग खासगी सेंटरला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात. दर एका जागेचा की खुबा आणि मणका दोन्हींचा? मशीन कुठल्या कंपनीचं, होलॉजिक की जीई लूनार? आणि ‘बीएमडी’ (हाडांच्या घनतेची तपासणी) म्हणजे झोपवून करायचीच ना? हा शेवटचा प्रश्न बालिश वाटेल, पण फोनवर ‘बीएमडी आहे’ म्हणणाऱ्या जागी टाचेचं मशीनही निघू शकतं. खुबा आणि मणका दोन्ही हवेत. एकाच जागेवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही, कारण पन्नाशीनंतर मणक्याला आलेली हाडाची टोकं घनता खोटीच वाढवून दाखवतात आणि अशा वेळी खुबाच खरं बोलतो.

तयारी सोपी आहे, पण सांगत कुणी नाही. आदल्या दिवसापासून, म्हणजे २४ तास, कॅल्शियमची गोळी बंद. न विरघळलेली गोळी पोटात असली तर मणक्याच्या चित्रात उमटू शकते. बेरियम पिऊन तपासणी किंवा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झाला असेल तर निदान आठवडा, जमल्यास दोन, जाऊ द्या. उपाशी राहायची गरज नाही, एआरटीची गोळी चुकवायची नाही. अंगावरचं धातू उतरवा. बेल्ट, पँटचा हूक, खिशातली नाणी हे सगळे सांगतात. करदोड्याचं कुणी बोलत नाही. हुपरीचा चांदीचा करदोडा किंवा काळ्या दोऱ्यातली चांदीची ताईत-पेटी नेमकी कमरेच्या मणक्यावर किंवा खुब्याच्या वरच्या बाजूला येते, आणि चांदी एक्स-रेला हाडाहून घट्ट दिसते. तंबाखूची, चुन्याची डबी मागच्या खिशात असेल तर तीही काढा.

टेबलावर पाच-दहा मिनिटांचं काम. मणक्यासाठी पाय चौकोनी ठोकळ्यावर उचलून ठेवतात, म्हणजे कमरेचा बाक सपाट होतो. खुब्यासाठी पाऊल आत वळवून पट्ट्यानं बांधतात, साधारण १५ ते २५ अंश. हे वळवणं नीट झालं नाही तर मांडीच्या हाडाची मान तिरकी दिसते आणि आकडा चुकतो. रिपोर्टवर छोटं चित्र असतं, ते बघा: मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा उंचवटा ठळक टपोरा दिसत असेल तर पाऊल पुरेसं वळलं नव्हतं. तिथल्या तिथं, उठायच्या आधी, पुन्हा घ्या म्हणायला हरकत नाही. रेडिएशनची भीती बाळगू नका, छातीच्या एक्स-रेच्या तोडीचं किंवा त्याहून कमी असतं.

रिपोर्ट कसा वाचायचा, कारण घाबरगुंडी इथंच उडते. पन्नाशीच्या आत असाल तर टी-स्कोअरकडं बघायचंच नाही, झेड-स्कोअर बघायचा. टी तुमची तुलना तरुणांशी करतो, झेड तुमच्याच वयाच्या माणसांशी. झेड उणे २.० किंवा त्याखाली असेल तर ‘वयाच्या मानानं कमी’, त्यावर असेल तर वयाला साजेसं. पन्नाशी ओलांडली असेल तर टी-स्कोअर: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ ऑस्टिओपेनिया, उणे २.५ आणि खाली ऑस्टिओपोरोसिस. ऑस्टिओपेनिया हा आजार नाही. तो पट्टा आहे. एआरटीवरच्या अनेक पुरुषांचा आकडा त्या पट्ट्यात असतो आणि बहुतेकांना हाडाच्या औषधाची गरज नसते. खाली बारीक अक्षरात संदर्भगट छापलेला असतो, तोही बघा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत पुरुषांसाठीही तरुण स्त्रियांचा संदर्भ धरतात. काही मशीनवर पुरुषांचा किंवा भारतीय लोकांचा लावलेला असतो. संदर्भ बदलला की त्याच हाडाचा टी-स्कोअर बदलतो.

पुढच्या वेळी तुलना करायची ती ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये दिलेल्या घनतेची, आणि त्याच मशीनवर. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्याच मशीनवरही ५ टक्क्यांच्या आतला फरक मोजणीतलाच असू शकतो. म्हणून दरवर्षी स्कॅन म्हणजे पैसे आणि झोप दोन्ही घालवणं. आकडा ठीक असेल तर दोन वर्षांच्या आत करूच नये. एक गुण कापला तो यासाठी: सेंटरवर रिपोर्ट हातात मिळतो, समजावून कुणी सांगत नाही, आणि लाल-पिवळा आलेख घेऊन माणूस घरी गुगल करत बसतो.

डेक्साला जे दिसत नाही तेही माहीत असावं. जांघेत किंवा खुब्यात दुखतंय, मांडी घालून बसताना कळ येते, लंगडत चालावं लागतंय, अशा माणसानं डेक्सावर पैसे घालू नयेत. एचआयव्ही असलेल्यांत खुब्यातल्या मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरण्याचं प्रमाण जास्त आहे, दारू आणि स्टिरॉइडची जोड असेल तर आणखी. सुरुवातीला साध्या एक्स-रेतही ते निसटतं. त्याला एमआरआय लागतो. दुसरं, टेनोफोविरनं हाड मऊ पडलं असेल तर डेक्सा फक्त ‘कमी’ म्हणेल, कशामुळं ते सांगणार नाही. त्यासाठी स्वस्तातल्या तपासण्या आहेत: उपाशीपोटी फॉस्फेट (२.५ ते ४.५ मिलिग्रॅम नॉर्मल), कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, व्हिटॅमिन डी आणि साधी लघवी. रक्तातली साखर ठीक असताना लघवीत साखर दिसली, प्रोटीन दिसलं, फॉस्फेट उतरलेलं असलं, तर किडनीकडं बघायचं. हे न तपासता हाडाचं औषध सुरू करणं चूक. क्रिएटिनिनचं एक: डोल्युटेग्राविर सुरू झाल्यावर ते ०.१-०.२ नं वाढतं. किडनी बिघडत नाही, क्रिएटिनिन बाहेर टाकायचा एक मार्ग अडतो इतकंच.

कॅल्शियमच्या गोळीला अडीच दिले ते गोळी वाईट म्हणून नव्हे, घ्यायची पद्धत वाईट म्हणून. डबीवर ठळक छापतात ‘१२५० मिलिग्रॅम’. ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यातलं खरं कॅल्शियम ५००. पुरुषाची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅम, आणि ती बरीचशी ताटातून भागते. म्हशीच्या किंवा गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम, म्हणजे पाव लिटरचा पेला झाला की ३००. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या वर. राधानगरी-गगनबावड्याच्या बाजूला नाचणीची भाकरी आजही रोजची आहे, शहरातच ती ‘हेल्थ फूड’ झाली. दही, तीळ, लहान मासे काट्यासकट. पांढऱ्या रश्श्यातून किंवा पायाच्या सुपातून मात्र कॅल्शियम फारसं मिळत नाही. हाड उकळून त्यातलं खनिज पाण्यात उतरत नाही. रस्सा चवीसाठी प्या, त्यात कमीपणा काही नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) कमी असणाऱ्यांनी टाळावं. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस येतो, क्षयही येऊ शकतो. उकळून प्या. आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा म्हणणारा मेसेज आला तर डिलीट. चुन्यानं तोंड आणि घसा भाजतो.

ताटातून भागत नसेल तर गोळी, एका वेळी ५०० च्या वर नाही, आणि कार्बोनेट असेल तर जेवणासोबत. त्याला पोटातलं आम्ल लागतं. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट बरं. आता मुख्य चूक. उपाशीपोटी टीएलडी आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम डोल्युटेग्राविरला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. लोहाच्या गोळीचंही तेच. दोनच मार्ग: दोन्ही गोळ्या भरपेट जेवणासोबत एकत्र, किंवा टीएलडी आधी आणि कॅल्शियम २ तासांनी, कॅल्शियम आधी झालं असेल तर टीएलडीला ६ तासांचं अंतर. अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली आम्लपित्ताची पातळ औषधं किंवा चघळायच्या गोळ्या जेवणासोबतही चालत नाहीत, त्यांना अंतरच लागतं. सोपी घडी अशी: सकाळी टीएलडी, रात्री जेवताना कॅल्शियम. वेळ बदलताना गोळी चुकता कामा नये.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, मग महिन्याला एक, अशी साधारण पद्धत. ‘बरं वाटतं’ म्हणून वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेणारे आहेत, त्यांचं रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी. जुन्या औषधातलं इफाव्हिरेंझ व्हिटॅमिन डी कमी करतं, तेव्हा ते घेतलेल्यांनी एकदा पातळी बघून घ्यावी.

आता तो सात प्रश्नांचा कागद. त्याला जीएडी-७ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत धास्ती, काळजी न थांबणं, अस्वस्थपणा, चिडचिड असं किती वेळा झालं, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २१. दहा किंवा त्यावर गेलं तर डॉक्टरांशी बोलायचं. पाच मिनिटं, फुकट, मराठीतही मिळतो. हाडांच्या परीक्षणात हा कशाला? कारण ‘कॅल्शियम कमी झालंय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत एक मोठा गट असा: बोटांना, ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आखडून चोचीसारखी होणं, छाती धडधडणं. हे बऱ्याचदा घाबरून भराभर श्वास घेतल्यानं होतं. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडं झुकतं, आणि त्यातलं मोकळं कॅल्शियम तात्पुरतं उतरतं. लॅबमध्ये एकूण कॅल्शियम नॉर्मल येतं. माणूस डबी संपवतो, मुंग्या राहतातच. नाकानं सावकाश श्वास आत, त्याहून सावकाश बाहेर, पाच-सात मिनिटं. मुंग्या उतरल्या तर दुखणं कशाचं होतं ते कळलं. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला मात्र पाळू नका. छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, तर श्वासाचे प्रयोग न करता दवाखाना. आणि मुंग्या नेहमीच्याच असतील तर कॅल्शियम-मॅग्नेशियम एकदा तपासावंच.

औषधाचाही हात असतो. इफाव्हिरेंझनं भलतीसलती स्वप्नं आणि धास्ती, डोल्युटेग्राविरनं काहींची झोप उडते. डोल्युटेग्राविरसाठी गोळी रात्रीऐवजी सकाळी हा पहिला उपाय, आणि तो पुष्कळांना लागू पडतो. चहा, तंबाखू, थायरॉइड हेही बघायचे. काळजी कमी करणाऱ्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा हाडांच्या घनतेशी थोडा संबंध दिसलाय, म्हणून त्या नाकारायच्या नाहीत, पण आधीच ऑस्टिओपोरोसिस असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. जास्त घात करते ती झोपेसाठी ओळखीनं आणलेली अल्प्राझोलाम. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, पावसाळ्यात कातडी चप्पल ओल्या फरशीवर सरकते, आणि खुबा मोडतो. रिटोनाविर असलेली सेकंड लाइन (पहिली औषधं लागू न पडल्यावरची) चालू असणाऱ्यांत तिचा अंमल लांबू शकतो. फ्लुटिकासोनचा पंप किंवा सांध्यात ट्रायअॅम्सिनोलोनचं इंजेक्शन देतानाही रिटोनाविर आहे हे डॉक्टरला सांगायलाच हवं; नाहीतर स्टिरॉइड अंगात साठतं आणि हाडं पोखरतं.

सांगायचं म्हटलं की काळजीचं दुसरं तोंड उघडतं: कळेल का कुणाला? डेक्साच्या फॉर्मवर एचआयव्ही लिहिण्याची गरज नाही. ‘टेनोफोविर दीर्घकाळ’ किंवा ‘सेकंडरी ऑस्टिओपोरोसिसची शंका’ एवढं रेडिऑलॉजिस्टला पुरतं. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. त्यानुसार संमतीशिवाय दुसऱ्याची स्थिती उघड करता येत नाही. सेंटरवर एवढंच सांगा की रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर नको, हातात द्या. नंबर बहुतेकदा घरातल्या कुणाचातरी दिलेला असतो. एआरटी सेंटरवर समुपदेशक असतातच, गोळ्या घ्यायला जाल तेव्हा जीएडी-७ चा भरलेला कागद त्यांच्यापुढं ठेवा. ओळखीचं कुणी दिसेल म्हणून तिथं बोलणं जमत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत, फुकट. एचआयव्हीबद्दलच विचारायचं असेल तर हेल्पलाइन १०९७.

व्यायामाला पैसे लागत नाहीत म्हणून गुण दिले नाहीत. रंकाळ्याभोवती फेरी मनाला चांगली, हाडाला थोडी. हाडाला वजन लागतं: बैठका, जिना, भिंतीवर किंवा जमिनीवर जोर, आठवड्यातून तीन दिवस. मणक्याचा टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली असेल तर कमरेतून पुढं वाकणारी आसनं, सूर्यनमस्कारातलं पादहस्तासन आणि पोतं उचलून वळणं बंद. बैठका चालू ठेवा, कठड्याला हात लावून.